तिकीट खिडकीवरच्या तात्यांना

ती. तात्यांना सा. न.

पत्रास कारण, आमच्या फिल्मच्या प्रमोशनचा प्रोजेक्ट परवा कॉलेजात जमा झाला. दीड मिनिटाचा टीझर, पोस्टर आणि प्रेक्षकांच्या प्रतिसादाची वही. वहीत पहिल्या पानावर तुमचे आभार एका ओळीत मानलेत, कारण तिथं जागा तेवढीच होती. माझं त्यात समाधान झालं नाही, म्हणून इथं सगळ्यांसमोर लिहिते आहे. नातवाकडून वाचून घ्या.

आमची सोळा मिनिटांची फिल्म एका गुळव्याची, म्हणजे गूळ तयार करणाऱ्या म्हाताऱ्याची. करवीर तालुक्यातल्या एका गुऱ्हाळघरावर आम्ही सहा जणांनी आठ रात्री जागून ती शूट केली. टीझरही तितक्याच जीव लावून केला होता. काळोख, चुलवाणातला जाळ, धूर, खालून घेतलेला म्हाताऱ्याचा चेहरा, मागं घुमणारा ढोल. फॉर्म करून ओळखीच्यांना पाठवला तर त्रेसष्ट उत्तरं आली. खूप छान, मस्त, ऑल द बेस्ट. मी हरखून तुम्हाला दाखवायला आले, तेव्हा तुम्ही एवढंच विचारलंत, "ह्यात तुझ्या वळखीचं नसलेलं कोण हाय?"

कुणीच नव्हतं.

"लोक मन राखत्यात पोरी. आवडलं का म्हणून इचारू नगंस. बघून झालं की इचार, ह्यो पिक्चर कशाचा असंल?"

पुढचे चार दिवस संध्याकाळी तुम्ही आमच्याबरोबर फिरलात. गुडघा दुखत असताना. भाजी मंडई, एसटी स्टँड, चहाची टपरी. नियम तुमचेच. एका वेळी एकच माणूस, आधी काही सांगायचं नाही, तो बोलेल ते शब्द तसेच्या तसे लिहायचे आणि आमच्यातल्या एकानं मोबाईलकडे न बघता फक्त त्या माणसाच्या तोंडाकडे बघायचं. तीस-बत्तीस वर्षं तिकीट खिडकीवर बसून, खेळ सुटल्यावर बाहेर पडणाऱ्यांची तोंडं वाचत आलेला माणूसच हे सांगू शकतो.

पहिल्या दिवशी एकोणीस जणांनी टीझर पाहिला. त्यातले अकरा म्हणाले, भुताचा पिक्चर. आम्ही शेवटी 'कोल्हापुरी गूळ, जीआय मानांकन 2014' अशी, गुळाच्या भौगोलिक ओळखीच्या सरकारी नोंदीची ओळ टाकली होती, ती वाचून एक रिक्षावाले म्हणाले, "सरकारी जाहिरात हाय व्हय?" हे सगळं मी निमूट लिहून घेतलं. पण मंडईतल्या त्या मावशी मला विसरता येत नाहीत. मेथीच्या जुड्या बांधता बांधता त्यांनी मोबाईल हातात घेतला आणि जाळाचा शॉट येताच त्यांचे हात थांबले. तुम्ही अलगद त्यांच्या हातातून मोबाईल काढून घेतलात आणि मेथीचा भाव विचारलात. चार पावलं पुढं आल्यावर मला म्हणालात, "मालक गेलं त्यांचं, गेल्या म्हैन्यात. त्यास्नी चुलवाण न्हाई दिसलं."

मला खरोखरच कधी वाटलं नव्हतं की आमच्या जाळात कुणाला चिता दिसेल.

त्या रात्री मी तुमच्यावरच चिडले. फिल्म चांगली आहे, लोकांना कळत नाही, असं बोलून गेले. तुम्ही चहा सांगितलात आणि दादासाहेब फाळक्यांची सुरतेची गोष्ट काढलीत. तिथं दोन आण्यांत सहा तासांचं नाटक मिळायचं, मग तीन आणे मोजून दीड तासाचा खेळ बघणार कोण? पहिल्या खेळाला गल्ला म्हणे तीन रुपये. मग फाळक्यांनी जाहिरात फिरवली: 57,000 फोटो, दोन मैल लांबीचं चित्र, फक्त तीन आणे. गर्दी लोटली. "पिक्चर त्योच व्हता," तुम्ही म्हणालात, आणि माझ्या डोक्यातला गुंता सुटला. आम्हाला फिल्मला हात लावायचा नव्हता, तिचं दार बदलायचं होतं.

ते दार सापडलं एसटी स्टँडवर. कागलकडच्या एका आजोबांनी टीझर दोनदा पाहिला आणि वैतागून म्हणाले, "गोळी बघताना दाखवलंच न्हाई. मग कसला गुळव्या?" आणि आमच्याकडे तो शॉट होता! काहिलीतला उकळता रस पळीनं थोडा काढून गुळव्या पाण्याच्या वाटीत सोडतो, बोटांनी त्याची गोळी वळतो, ती वाटीच्या काठावर टक्‌ करून वाजवतो आणि मगच काहील उतरवायला सांगतो. हे आम्ही कापून बाजूला टाकलं होतं. आता टीझर त्या बोटांवर सुरू होतो. ढोल काढला, ती टक्‌ ठेवली. जाळ वरून, दिवसाउजेडी, काहिलीच्या फेसासकट दिसतो. बहुतेक जण आवाज बंद ठेवून बघतात हेही वहीतूनच कळलं, म्हणून संवाद खाली अक्षरांत दिले.

पोस्टरचं काम तुम्ही एका संध्याकाळीच उरकलंत. टपरीशेजारच्या भिंतीवर प्रिंट लावलीत, मला हाताला धरून रस्त्याच्या पलीकडं नेलंत आणि म्हणालात, वाच. धुरावर पांढऱ्या बारीक अक्षरांतलं आमचं नाव तिथून दिसतच नव्हतं. बाबूराव पेंटर ज्या कोल्हापुरात आपल्या बोलपटाआधीच्या चित्रपटांची पोस्टरं स्वतः रंगवायचे, त्या गावातल्या पोरांनी असं पोस्टर करावं, हे तुम्हाला लागलं होतं. आता अक्षर जाड आहे, काकवीच्या रंगाचं.

सगळ्यांचं सगळं ऐकू नका, हेही तुम्हीच बजावलंत. कुणाला मारामारी हवी होती, कुणाला गाणं. "धा जण धा गोष्टी सांगतील, त्या सोडून द्या. तिघं एकाच जागी अडखळली तर थितं खड्डा हाय." वहीत मी अशा जागांवर लाल खूण केली. चारच निघाल्या, आणि चारही बुजवल्या.

नवा टीझर त्या मावशींना दाखवायला मी परवा एकटीच गेले. आधी विचारलं, बघाल का? त्यांनी पूर्ण पाहिला. "आमच्या माहेरी हुतं गुऱ्हाळ," म्हणाल्या, आणि गरम काकवीत भाकरी बुडवून खायचो ते सांगत बसल्या. ते शब्द तसेच्या तसे वहीच्या शेवटच्या पानावर आहेत.

तात्या, येत्या रविवारी संध्याकाळी पाच वाजता कॉलेजच्या हॉलमध्ये फिल्मचा खेळ आहे. तुमची खुर्ची पुढच्या रांगेत ठेवलेली नाही. दाराजवळ, लोकांची तोंडं दिसतील अशी ठेवली आहे.

तुमची,
वही लिहिणारी पोर