धूळ येतेय हे आदल्या दिवशीच कळू द्या

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

२३ जानेवारी २०२२ चा रविवार मुंबई-पुण्याकडच्या बऱ्याच जणांना आठवत असेल, सगळं आभाळ पांढुरकं, लांबच्या बिल्डिंगा दिसेनात, गाड्यांवर पांढरी पावडर बसलेली, आणि लोक एकमेकांना विचारतायत की हे धुकं आहे का कुठल्या कंपनीतून काही सुटलंय. ती पाकिस्तानातून आलेली धूळ होती. कराचीत आदल्या दिवशीच वादळी वारे सुटले होते, तिथून धूळ अरबी समुद्रावरून गुजरातच्या बाजूने खाली सरकत आपल्याकडे आली, म्हणजे आपल्या नाकात जायच्या कितीतरी तास आधी ती सॅटेलाइटला दिसत होती. मग आपल्याला का नाही कळलं?

हे ओळखणं काही फार गूढ नाहीये. समुद्रावर धुळीचा पट्टा साध्या फोटोतसुद्धा मातकट दिसतो, धूर निळसर राखाडी, ढग पांढरेफटक. जमिनीवर मात्र खाली माती आणि वर पण माती, तिथे डोळा फसतो, म्हणून इन्फ्रारेडच्या, म्हणजे डोळ्याला न दिसणाऱ्या उष्णतेच्या किरणांच्या, दोन जवळजवळच्या पट्ट्यांत (चॅनलमध्ये) मोजलेल्या तापमानाची वजाबाकी करतात, धुळीत ती ढगाच्या उलटी येते, आणि मग रंग भरलेल्या इमेजमध्ये धूळ गुलाबी-किरमिजी उठून दिसते, अगदी रात्रीसुद्धा. आपले इन्सॅट-३डीआर आणि ३डीएस हे हवामानाचे सॅटेलाइट ३६ हजार किमीवरून सतत आपल्याच भागावर नजर ठेवून असतात, आणि हवामान खात्याच्या साइटवर त्यांच्या इमेज कोणालाही फुकट बघता येतात.

आगीचं थोडं वेगळं आहे. आग टिपणारे नासाचे सॅटेलाइट पृथ्वीच्या बरेच जवळून फिरतात, ते दुपारी दीडच्या आसपास डोक्यावरून जातात, त्यानंतर पेटवलेला पंजाबातला पराळीचा (भात कापल्यावर शेतात उरलेल्या काडाचा) जाळ त्यांच्या मोजणीतून सुटू शकतो, हे २०२४ मध्ये बरंच चर्चेत होतं. त्यामुळे नुसता आगींचा आकडा कमी झाला म्हणून खुश होऊ नये, धूर किती पसरलाय तेही बघावं. आणि सॅटेलाइट वरून खालपर्यंतची सगळी हवा एकत्र बघतो, त्यातलं नाकापाशी किती आहे ते जमिनीवरची हवा मोजणारी मशीनच सांगणार, ती आपल्या तालुक्यांच्या गावांत जवळपास नाहीतच, याचा मला खरंच राग येतो.

वणव्याचा इशारा वन खात्याच्या लोकांना मोबाइलवर मेसेजने जातो, गडचिरोली-मेळघाटात त्याचा उपयोग होतो. मग धुळीचा तसाच मेसेज दम्याच्या पेशंटला, रस्त्यावर दिवसभर उभ्या असणाऱ्या ट्रॅफिक पोलिसाला, बांधकामावरच्या बायामाणसांना का नको? प्रशासनाने हे करावंच, पण तोपर्यंत तुमच्या पेपरात रोज कमाल-किमान तापमान छापता त्याच्या शेजारी, धूळ किंवा धूर येत असेल त्या दिवशी, सॅटेलाइटचा फोटो आणि खाली दोन ओळी मराठीत, कुठून येतोय, कधीपर्यंत पोचेल, एवढं छापाच ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, डोंबिवली