‘कार्बन फायबरचे कापड, काळे, उत्तम प्रतीचे’: बांधकाममंत्र्यांना खुले पत्र

माननीय सार्वजनिक बांधकाम मंत्री यांस,

स. न. वि. वि.

या पत्राला एक पाकीट जोडलं आहे. त्यात काळ्या कापडाचे तीन तुकडे आहेत, प्रत्येक वीतभर लांबीचा. ते बाहेर काढण्याआधी पत्र वाचावं, एवढी विनंती.

मी जुने पूल आणि इमारती मजबूत करण्याच्या कामांवर असतो. निविदांमधली एक ओळ मी इतक्यांदा वाचली आहे की ती आता तोंडपाठ आहे: ‘कार्बन फायबरचे कापड, काळे, उत्तम प्रतीचे, पुरवणे व बसवणे.’ पुलाच्या खांबाला गुंडाळायच्या कापडासाठी हीच ओळ, आणि वर्कशॉपमध्ये वेल्डिंगच्या ठिणग्या अडवायच्या पडद्यासाठीही हीच. ही ओळ कोणी वाईट हेतूने लिहिली असेल असं मला वाटत नाही. बहुधा एका निविदेतून दुसऱ्या निविदेत ती उतरवली जाते आणि मध्ये कोणी थांबून विचारत नाही की हे कापड नेमकं करणार काय आहे.

आधी खांबाचं घेऊ, कारण तिथे माणसांचे जीव टांगलेले असतात.

कार्बनचा एक तंतू ५ ते ७ मायक्रॉन जाडीचा, म्हणजे आपल्या केसाच्या साधारण दहाव्या हिश्श्याएवढा. असे हजारो तंतू एकत्र आले की त्याची एक लड होते. ३के म्हणजे ३ हजार तंतूंची, १२के म्हणजे १२ हजारांची. नेहमीच्या प्रतीच्या तंतूची ताणशक्ती ३५०० मेगापास्कलच्या वर असते आणि त्याची घनता पोलादाच्या पावपटीहून कमी. स्वित्झर्लंडमध्ये ल्यूसर्नजवळच्या इबाख पुलाची दुरुस्ती १९९१ मध्ये कार्बनच्या पट्ट्या चिकटवून झाली, तेव्हा १७५ किलो पोलादाचं काम ६.२ किलो कार्बनने केलं. १९९५ च्या कोबे भूकंपानंतर जपानमध्ये खांबांना कार्बनचं कापड गुंडाळण्याच्या कामांनी मोठा वेग घेतला. तेव्हा या वस्तूबद्दल मला शंका नाही. शंका आहे ती आपण ती मागवतो कशी याबद्दल.

कार्बनचं सगळं बळ तंतूच्या लांबीच्या दिशेने असतं. आडवं ओढलं तर त्याला जवळपास किंमतच नाही. भाराखाली खांबातलं काँक्रीट बाजूला फुगू पाहतं. गुंडाळलेलं कापड त्याला आवळून धरतं, बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव आवळून धरते तसं. म्हणजे तंतू खांबाभोवती फिरले पाहिजेत. उभे तंतू या आवळण्यात भाग घेत नाहीत. म्हणून या कामाला एकाच दिशेने तंतू असलेलं कापड लागतं. आम्ही साइटवर त्याला ‘यूडी’ म्हणतो.

एका कामावर काय झालं ते सांगतो. जागा आणि माणसं कोणती, याला इथे महत्त्व नाही. निविदेत ‘४०० जीएसएमचे (म्हणजे चौरस मीटरला ४०० ग्रॅम वजनाचे) कार्बन फायबर कापड’ एवढंच होतं. गुंडाळी आली. तपासनीस साहेबांनी तिच्यातून १० सेंटिमीटर बाय १० सेंटिमीटरचा चौकोन कापला, खिशातून इवलासा तराजू काढला आणि चौकोन वर ठेवला. बरोबर ४ ग्रॅम. शंभराने गुणलं की चौरस मीटरला ४०० ग्रॅम. माल पास. मी तो चौकोन हातात घेतला तर त्यावर बुद्धिबळाच्या पटासारखी साधी वीण: जेवढे तंतू उभे तेवढेच आडवे. म्हणजे खांबाभोवती २०० ग्रॅमच फिरणार होतं. उरलेलं २०० ग्रॅम खांबाला समांतर उभं राहून शोभा वाढवणार होतं. शिवाय विणलेल्या कापडात तंतू वरखाली लहरत जातात, त्यामुळे ताण आल्यावर ते आधी सरळ होतात आणि मग काम करतात, तो तोटा वेगळाच. तपासनीसांची चूक म्हणावी तर त्यांनी कागदावर होतं ते प्रामाणिकपणे मोजलं. कागदावर दिशा नव्हती. माझ्या तक्रारीला उत्तर मिळालं की दर्जा निविदेनुसारच आहे. उत्तर खरंच होतं!

ट्विल (तिरप्या रेघांची) किंवा साधी वीण वाईट असते असं नाही. वळणावळणाच्या साच्यावर ट्विल कापड छान बसतं, दोन्ही दिशांनी ताण येणाऱ्या भिंतीला दोन्ही दिशांचे तंतू असलेलं कापड लागतंच. पण ते ठरवायचं कोणी? सध्या ते गोदामात ज्याचा साठा पडून आहे तो ठरवतो.

दुसरी गोष्ट चिकटवणाऱ्या पदार्थाची. कापड एकटं काहीच नाही. इपॉक्सीत, म्हणजे कडक होणाऱ्या चिकट रेझिनमध्ये, भिजून काँक्रीटला घट्ट बसलं तरच ते भार घेतं. साइटवर, साध्या हवेत कडक होणारी बहुतेक इपॉक्सी ६० ते ८० अंश सेल्सिअसच्या दरम्यान कडकपणा सोडून रबरासारखी होऊ लागतात. तंतू हजार अंशांची भट्टी पाहून आलेला असतो हे खरं, पण त्याला धरून ठेवणारा हात उन्हाने तापलेल्या काळ्या पृष्ठभागावरच सैल पडू लागतो. म्हणून अमेरिकन काँक्रीट इन्स्टिट्यूटची ४४०.२आर ही मार्गदर्शिका सांगते की वापरातलं तापमान त्या मर्यादेच्या १५ अंश खालीच राहावं. आणि त्याहून महत्त्वाचं: आग, तोडफोड किंवा आणखी कशाने कापड निकामी झालं, तरी मूळ खांब किंवा तुळई ठरावीक भार एकटीने पेलू शकली पाहिजे. तसं नसेल तर कार्बन लावूच नये, दुसरा उपाय शोधावा. एकदा एका बैठकीत मी हे बोललो, तर समोरून प्रश्न आला, “पण कार्बन फायबर तर अग्निरोधक असतं ना?” दोन्ही कापडांसाठी एकच ओळ लिहिण्याची सवय कुठून आली, ते मला त्या प्रश्नात दिसलं.

आता या अग्निरोधकपणाकडेच येतो.

बहुतेक कार्बन तंतू पॉलिअ‍ॅक्रिलोनायट्राइल नावाच्या पांढऱ्या धाग्यापासून बनतात. हा धागा आधी हवेत २०० ते ३०० अंशांवर तापवतात. तो पिवळा, तपकिरी आणि शेवटी काळा होतो, आणि त्यानंतर वितळत नाही. मग ऑक्सिजन नसलेल्या भट्टीत तो हजार अंशांच्या पुढे नेतात. कार्बनखेरीज बाकीचं बहुतेक सगळं उडून जातं आणि उरतो तो कार्बन फायबर. पण पहिल्याच टप्प्यावर थांबलं तर? हातात येतो अर्धाच भाजलेला काळा धागा. त्याला ओढीची ताकद फारशी नसते, वीजही तो वाहून नेत नाही, पण ज्योतीसमोर तो उभा राहतो. पेटून जळत राहायला त्याला ४५ टक्क्यांच्या आसपास ऑक्सिजन लागतो आणि आपल्या हवेत असतो २१ टक्के. वेल्डिंगचे काळे पडदे आणि ब्लँकेटं पुष्कळदा या धाग्याची असतात. बाजारात तीही सर्रास ‘कार्बन’ म्हणून विकली जातात. घोटाळा इथून सुरू होतो.

खऱ्या कार्बनची उष्णतेशी मैत्री आहे, पण अटीवर. हवा नसेल तर तो २००० अंशांपुढेही टिकतो. हवेत मात्र ४०० ते ५०० अंशांच्या पुढे तो हळूहळू ऑक्सिजनशी संयोग पावून झिजू लागतो. पूर्वीच्या स्पेस शटलच्या नाकाला आणि पंखांच्या कडांना कार्बन-कार्बनचे (कार्बनमध्येच बसवलेल्या कार्बन तंतूंचे) भाग होते, त्यावर सिलिकॉन कार्बाइडचा थर याचसाठी दिलेला असे. आपल्या वर्कशॉपच्या पडद्यावर तो थर कोणी देत नाही. शिवाय कार्बनचा तंतू आपल्या लांबीत उष्णता आणि वीज दोन्ही वाहून नेतो. तेव्हा तो इन्सुलेशन नाही. पातळ कापड, मग ते कशाचंही असो, ठिणगी अडवेल. पाठीमागची वस्तू थंड ठेवायची असेल तर जाडी लागते, हवा अडकवून ठेवणारं फेल्ट, म्हणजे नमद्यासारखं जाड कापड लागतं.

एका कारखान्यात मी हे उलट बाजूने पाहिलं. गुंडाळण्याच्या कामातून उरलेलं खरं, उत्तम प्रतीचं यूडी कापड ठिणग्या अडवायला म्हणून टांगलं होतं. ‘वाया कशाला घालवायचं’ हा विचार. कडा शिवलेल्या नव्हत्या, इपॉक्सी नव्हतं, त्यामुळे तंतू सुटत होते. कामगारांचे हात आणि मान खाजायची. शेजारीच विजेचं पॅनेल होतं. ते अधूनमधून ट्रिप व्हायला लागलं. इलेक्ट्रिशियनने दोन वेळा रिले बदलले. तिसऱ्यांदा त्याने झाकण उघडून टॉर्च मारला तेव्हा टर्मिनलांच्या मध्ये काळ्या बारीक केसांसारखा फुलोरा दिसला. कार्बनच तो, वीज वाहणारा. पडदा उतरवल्यावर आणि पॅनेल साफ केल्यावर त्रास थांबला.

त्या जागी काय हवं होतं? नुसत्या ठिणग्या असतील तर अर्धभाजलेल्या धाग्याचं किंवा लेप दिलेलं काचेचं कापड चाललं असतं. ई-ग्लास, म्हणजे नेहमीच्या काचतंतूंची काच, साधारण ५५० अंशांपर्यंत सोबत करते. वितळलेल्या धातूचे शिंतोडे पडणार असतील तर सिलिकाचं कापड, ते १००० अंशांच्या आसपास सतत टिकतं. कार्बन हा शब्द तिथे यायलाच नको होता.

मंत्रिमहोदय, मागणी छोटी आहे. ती एक ओळ बंद करावी. उष्णतेसाठीच्या कापडाच्या बाबीत तंतूचं नाव लिहूच नये, काम लिहावं: ठिणग्या की शिंतोडे की सततची धग, तापमान किती, किती वेळ, पलीकडे माणूस आहे की यंत्र, जवळ विजेचं पॅनेल आहे का. त्यावरून पुरवठादाराने कापड सुचवावं आणि चाचणीचा दाखला द्यावा.

मजबुतीकरणाच्या बाबीत तंतूची दिशा आणि त्या दिशेचं वजन लिहावं. ताकद कोरड्या तंतूची मागू नये, इपॉक्सीत बसवून कडक झालेल्या थराची मागावी. माहितीपत्रकात छापलेले मोठे आकडे बहुधा कोरड्या तंतूचे असतात आणि डिझाइन करणारा घाईत असला की तेच उचलतो. इपॉक्सी आणि कापड एकत्र तपासलेल्या जोडीचं असावं. पोलादाला थेट चिकटवायचं असेल तर मध्ये काचेचा थर सक्तीचा करावा, नाहीतर ओल मिळताच कार्बनच्या संगतीने पोलाद गंजतं. आणि आतली सळई गंजून काँक्रीट फुटत असताना वरून कापड गुंडाळण्याची परवानगी कोणालाही देऊ नये. ते दुखणं बरं करणं नाही, झाकणं आहे. वर्षभर खांब देखणा दिसतो, आत फुगणं चालूच राहतं.

अजून एक चाचणी बिलाला जोडावी: पुल-ऑफ. बसवलेल्या कापडावर धातूची छोटी गोल डॉली चिकटवायची, भोवती काँक्रीटपर्यंत खाच पाडायची आणि यंत्राने सरळ ओढायची. डॉलीच्या तळाला करड्या काँक्रीटचा खपला चिकटून आला की आमचा जीव भांड्यात पडतो. म्हणजे जोड काँक्रीटपेक्षा मजबूत होता. किमान १.४ मेगापास्कलला काँक्रीट फुटलं तर ठीक. डॉलीला नुसतं कापड लागून आलं आणि खाली काँक्रीट जसंच्या तसं, तर समजायचं की पृष्ठभाग धुळीचा किंवा ओला होता, ग्राइंडिंग घाईत कसंबसं उरकलं होतं. बाहेरून दोन्ही खांब सारखेच काळे आणि चकचकीत दिसतात. ही चाचणी अर्ध्या दिवसाची आहे. ती टाळण्यासाठी मला ऐकवल्या गेलेल्या सबबी मात्र अर्ध्या दिवसात सांगून होणार नाहीत.

आता पाकीट उघडावं. तीन तुकड्यांपैकी एक खरा कार्बन आहे, एक अर्ध्या भाजलेल्या धाग्याचा आणि एक काळा रंग दिलेल्या काचेचा. नावं मी मुद्दाम लिहिलेली नाहीत. टेबलावर शेजारी शेजारी ठेवून आपण आणि आपले सचिव ओळखून पाहा, निविदेतली ती ओळ समोर ठेवून. मग इमारतीतल्या इलेक्ट्रिशियनला मल्टिमीटर घेऊन बोलवा. तुकड्याच्या कापलेल्या दोन्ही टोकांना दोन टोचण्या लावायला सांगा. तिघांपैकी एकच वाजेल.

आपला,
मजबुतीकरणाच्या कामावरचा एक अभियंता