ओटा कापताना 'पाणी नको' म्हणू नका

संपादक महोदय,

मी ग्रॅनाइट आणि फरशी बसवणारा कारागीर आहे. घरमालकांना एक विनंती करायची आहे, म्हणून हे पत्र.

ओट्यात सिंकचा चौकोन बऱ्याचदा जागेवरच कापावा लागतो. कटरच्या पात्यावर पाण्याची धार धरली, की बहुतेक धुळीचा तिथल्या तिथे चिखल होतो. पण मालक म्हणतात, "पाणी नको, भिंती खराब होतील, कोरडंच कापा." मग बघता बघता खोली पांढरी होते आणि आम्ही तोंडाला रुमाल बांधून काम उरकतो. त्या रुमालाचा उपयोग जवळजवळ शून्य. डोळ्यांना दिसणारी जाड धूळ बरीचशी नाकातच अडकते, शिंकरली की निघून जाते. घात करतात ते साधारण ४ मायक्रॉनहून (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारीक कण. ते थेट फुप्फुसाच्या तळापर्यंत पोचतात. दगडातली स्फटिकी सिलिका शरीराला पचवता येत नाही. तिला गिळणाऱ्या पेशीच मरतात, तिथे व्रण धरतात आणि फुप्फुस कडक होत जातं.

माझ्याबरोबर पॉलिशचं काम करणारा एक मित्र आता जिन्यात मध्येच बसतो, मग पुढचा मजला चढतो. आधी नुसता कोरडा खोकला होता. त्याने काम सोडलं, तरी दम वाढतोच आहे. सिलिकोसिस, म्हणजे सिलिकाच्या धुळीने होणारा हा फुप्फुसाचा आजार, असाच असतो. एकदा झाला की बरा होत नाही. अशा फुप्फुसाला क्षयरोग लवकर गाठतो. कर्करोगाचा धोका तर जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ मध्येच मान्य केला आहे.

सध्या मागणी असलेल्या कृत्रिम क्वार्ट्झच्या लाद्यांत सिलिका ९० टक्क्यांपर्यंत, कधी त्याहूनही जास्त असते. ग्रॅनाइटपेक्षा कितीतरी अधिक. तरुण कामगार आजारी पडू लागले, म्हणून ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून या लाद्यांवर बंदीच घातली. बसवून झालेल्या ओट्यापासून घरच्यांना भीती नाही. धोका आहे तो कापताना आणि घासताना.

म्हणून शक्य तेवढं कापकाम कारखान्यातच, पाण्याखाली करून घ्या. घरी कापायची वेळ आलीच, तर पाणी वापरू द्या, भिंतींना प्लास्टिक लावू. कारागिराकडे एन-९५ मास्क आहे का, तेही विचारा. आणि काम झाल्यावर झाडू मारू नका. चिखल वाळला की त्याची पुन्हा तीच धूळ होते. तो ओला असतानाच पुसून काढायला सांगा.

– एक फरशी कारागीर