रात्रीच्या दूध-बिस्किटांबद्दल

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

पत्र हातात पडल्यावर आधी घाबराल, म्हणून पहिल्याच ओळीत सांगते, इकडे सगळं ठीक आहे. कारण वेगळंच आहे. मागच्या रविवारी मी विचारलं, "रात्री काय जेवलात?" बाबा म्हणाले, "झालं काहीतरी." आणि मागून आईचा आवाज आला, "दूध-बिस्किटं." मग बाबांनी घाईघाईने हवामानाचा विषय काढला.

"दोघांसाठी कुठे घाट घालत बसायचं," हे मला पाठ आहे. एकटीसाठी मीही तेच म्हणत किती वर्षं काढली. त्यातून मला बाहेर काढलं ते चीन, जपान, कोरियातल्या घरगुती रांधण्याने. हॉटेलातल्या लालभडक नूडल्सचं म्हणत नाहीये मी. तिकडची माणसं दमून आल्यावर, बरं नसताना, दात दुखत असताना घरी जे करून खातात, ते. एक पातेलं, एक सुरी, चार जिन्नस. मळणं नाही, लाटणं नाही, म्हणजे आईच्या मनगटाला आराम. फोनवर पाठवलं असतं तर बाबांनी नुसता अंगठा दाखवला असता, म्हणून कागदावर लिहितेय. फ्रिजच्या दारावर लावा.

सुरुवात पेजेपासून. चीनमध्ये तिला झोउ म्हणतात, जपानमध्ये ओकायू, कोरियात जुक. इंग्रजीतलं 'काँजी' तर तमिळ कांजीवरूनच गेलंय. तेव्हा बाबा, "हे परदेशी काय?" असं म्हणायची सोय नाही. जपानमध्ये ७ जानेवारीला सात प्रकारचा कोवळा पाला घालून पेज करतात. नव्या वर्षाच्या मेजवान्यांनी जड झालेल्या पोटाला विसावा म्हणून. अर्धी वाटी तांदूळ धुवून, अर्धा तास भिजवून, त्याला पाच वाट्या पाणी. जाड बुडाच्या पातेल्यात एक उकळी आली की आच अगदी बारीक करायची, झाकण तिरकं ठेवायचं आणि पाऊण तास अधूनमधून तळापासून ढवळायचं. शेवटची दहा मिनिटं बघण्यासारखी असतात. तोवर तांदूळ आणि पाणी वेगवेगळे राहतात, आणि मग एकदम दाणा फुटतो, पाणी दुधाळ होतं, डाव उचलला की रेशमासारखी धार पडते. तिथे थांबायचं. कुकरमध्ये करायची तर कुकर अर्ध्याच्या वर भरू नका, तांदळाचा फेस शिट्टीत जाऊन बसतो. एक शिट्टी झाली की बारीक गॅसवर वीस मिनिटं, आणि वाफ आपोआप जिरू द्यायची. बाबा, चमच्याने शिट्टी उचलायची नाही. मी तुम्हाला ओळखते.

नुसती पेज बेचव लागेल, आणि ती तशीच असायला हवी, कारण चव वरून यायची असते. आल्याचे केसासारखे बारीक तुकडे, पातीचा कांदा, भाजलेले शेंगदाणे, पाव चमचा भाजलेल्या तिळाचं तेल. हे तेल तळायला वापरू नका. ते अत्तरासारखं असतं, शेवटी दोन थेंब पुरतात.

आता सूपचं पाणी. जपानी सूपची मूळ चव कोम्बू नावाच्या वाळवलेल्या समुद्री पाल्यातून येते. टोकियोतल्या किकुनाए इकेदा नावाच्या प्राध्यापकांनी १९०८ साली त्यातून चव देणारं ग्लुटामेट नावाचं द्रव्य वेगळं काढलं आणि त्या चवीला 'उमामी' हे नाव दिलं. पण कोम्बूत आयोडीन भरमसाट असतं, आणि आईला थायरॉइडची गोळी चालू आहे. तेव्हा कोम्बू आपल्याकडे बाद. (मी पहिल्यांदा तो खळखळ उकळला होता. पाणी बुळबुळीत, घरभर बंदराचा वास. उकळी यायच्या आत काढायचा असतो, हे नंतर वाचलं.) आपण वाळलेल्या शिटाके अळंब्या वापरायच्या. पाच-सहा अळंब्या लिटरभर गार पाण्यात रात्रभर फ्रिजमध्ये ठेवायच्या. सकाळी पाणी चहाच्या रंगाचं होतं. तळाशी कचकच असते, तेवढं पाणी टाकून द्यायचं. देठ चिवट असतात, तेही काढायचे. टोप्या चिरून त्याच पाण्यात चांगल्या शिजवायच्या. कच्चट राहिल्या तर काही जणांच्या अंगावर पुरळ उठतं. त्यात चौकोनी चिरलेला मऊ टोफू आणि पालकाची चार पानं घालायची, आणि गॅस बंद केल्यावर एक मोठा चमचा मिसो. मिसो म्हणजे सोयाबीन मीठ घालून, बुरशी लावून आंबवलेली लगदी. ती सरळ पातेल्यात टाकली तर गोळे होतात, डावात थोडं गरम पाणी घेऊन आधी कालवायची. एकदा मिसो पडला की पुन्हा उकळायचं नाही, सुगंध उडून जातो.

अळंब्यांवरून एक गोष्ट आठवली, खास बाबांसाठी. दोगेन नावाचा तरुण जपानी भिक्षू १२२३ साली चीनला गेला. त्याचं जहाज बंदरात उभं असताना एका मठाचा स्वयंपाकी जपानी अळंब्या विकत घ्यायला चालत तिथे आला. वय ६१. दुसऱ्या दिवशी मठात काही विशेष होतं आणि त्याला सगळ्यांसाठी नूडल्सचं सूप करायचं होतं. दोगेनने त्याला रात्री राहायचा आग्रह केला. शिवाय विचारलं, या वयात ध्यानधारणा सोडून चुलीपाशी कशाला राबता? म्हातारा मोठ्याने हसला, म्हणाला, तुला अजून साधना कळलेली नाही, आणि अंधार पडायच्या आत परत निघाला. पुढे १२३७ मध्ये दोगेनने मठातल्या स्वयंपाक्यासाठी सूचना लिहिल्या, त्यात ही भेट त्याने स्वतःच सांगितली आहे. तुम्ही तर बाबा, ६१ मागे टाकून बरीच वर्षं झाली, आणि तुम्हाला फक्त बैठकीतून स्वयंपाकघरापर्यंत चालायचंय.

टोफूची आईने धास्ती घेऊ नये. सोयाबीनच्या दुधाचं पनीर समज. लिंबाऐवजी मॅग्नेशियम क्लोराइड किंवा जिप्समने फाडलेलं. सूपला मऊ, परतायला घट्ट. घट्ट टोफूचं पाणी काढल्याशिवाय तेलात टाकू नकोस. माझ्या मनगटावरचा तो डाग "काही नाही, इस्त्री लागली" म्हणून तुला सांगितला होता ना? इस्त्री नव्हती. ओला टोफू तापलेल्या तेलात सोडला होता. तेल उडालं आणि जे उरलं ते तव्याला चिकटून त्याचा चुरा झाला. आता मी वडी स्वच्छ फडक्यात गुंडाळते, वर जाडजूड शब्दकोश ठेवते आणि वीस मिनिटं ढुंकून बघत नाही. मग जाड काप करून, थोड्या तेलात, एक बाजू लाल होऊन आपसूक सुटेपर्यंत हलवायचे नाहीत. सुटत नाही म्हणजे झालेलं नाही. वरून आलं, थोडा सोया सॉस, आणि मिळाली तर सिचुआन मिरी कुटून. ती मिरी नाहीच मुळी, तिरफळाची चुलतबहीण आहे. तशीच जिभेला झिणझिण्या आणते.

आई, तुझी थायरॉइडची गोळी आणि सोया यांच्यात अंतर हवं, सोयामुळे ती अंगात नीट शोषली जात नाही. तू गोळी पहाटे घेतेस आणि टोफू रात्रीचा, तेव्हा प्रश्न नाही. तरी पुढच्या तपासणीला डॉक्टरांच्या कानावर घाल.

कोरियन पालक अगदीच सोपा, तो आईने खुर्चीत बसून करावा. उकळत्या पाण्यात अर्धा मिनिट, लगेच गार पाण्यात, मुठीत घट्ट पिळून चिरायचा. पिळायचं काम बाबांचं. लसणाची अर्धी पाकळी किसून, तीळ, तिळाचं तेल, थोडा सोया सॉस. हाताने कालवायचा. याला नामुल म्हणतात. मोड आलेल्या मुगाचाही होतो, मूग मात्र जास्त वेळ शिजवायचे.

मिठाचं नीट ऐका. लहान चमचाभर सोया सॉसमध्ये सुमारे ३०० मिलिग्रॅम सोडियम असतं, आणि जागतिक आरोग्य संघटनेची दिवसाची मर्यादा २००० आहे, म्हणजे साधारण ५ ग्रॅम मीठ. बाबांचा रक्तदाब बघता दोघांत मिळून एक चमचा, आणि त्या पदार्थात वेगळं मीठ नाही. मिसो असेल त्या रात्री सोया सॉसची बाटली कपाटात.

आणि आई, तुझ्यासाठी. चित्रात भाजी आहे म्हणून पाकीट शाकाहारी समजू नकोस. किमचीत, म्हणजे कोरियन आंबवलेल्या कोबीत, बहुधा माशाचा सॉस किंवा खारवलेली कोळंबी असते, थाई करीच्या वाटणात कोळंबीच, तयार सूप पावडरीत बोनिटो मासा, आणि ऑयस्टर सॉस म्हणजे चक्क कालवांचा. भिंग घेऊन मागची यादी वाचायची. मी स्वतः 'बहुतेक' शाकाहारी आहे, त्या 'बहुतेक'मध्ये अंडं येतं, हे तुला माहीत आहे आणि आपण त्यावर बोलत नाही.

अळंब्यांचं पाकीट आणि मिसो मी येताना आणते, तोवर पेज आणि पालक. पहिल्या दिवशी पेज बुडाला लागेल. लागू दे, पातेल्यात पाणी घालून रात्रभर ठेवा, सकाळी सुटतं. रविवारी नेहमीच्या वेळेला फोन करते. बाबा, "झालं काहीतरी" चालणार नाही. पाणी किती वाट्या घातलं ते सांगायचं.

तुमची,
लेक

ता. क. बिस्किटांचा डबा वरच्या फळीवर ठेवून दे, असं आईला सांगणार होते. पण बाबा स्टुलावर चढतील. राहू दे आहे तिथेच.