ट्रॅक्टर ट्रेलरवर चढवताना

महोदय,

ट्रॅक्टर किंवा अवजार ट्रेलरवर चढवताना होणारे बरेचसे अपघात टाळता येतात, म्हणून हे पत्र. ट्रेलर गाडीला जोडलेला नसेल, तर वजन मागच्या टोकावर येताच पुढचा दांडा वर उचलला जातो. आधी जोडणी, चाकांखाली ठोकळे, मगच चढवणे. टायरला ओला चिखल असेल तर चढवायच्या लोखंडी फळीवर टायर हमखास घसरतो. चिखल आधी खरवडून काढा. वजन ट्रेलरच्या चाकांच्या आसाच्या जरा पुढे असावे, मागे राहिले की वेगात ट्रेलर हेलकावे खातो. उतरवतानाही ट्रॅक्टर बांधलेल्या साखळ्या सोडण्यापूर्वी त्याचा हँडब्रेक ओढा, मागे जोडलेला रोटाव्हेटर (माती भुसभुशीत करणारे अवजार) जमिनीवर नव्हे, ट्रेलरच्या तळावर टेकवा. आणि फळीशेजारी उभे राहून ‘येऊ दे, येऊ दे’ म्हणणाऱ्याला कृपया लांब करा, विशेषतः मुलांना.

– एक शेतकरी वाचक