यंत्राआधी माणसांचा आराखडा

हर्णै, ता. दापोली

चि. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद.

कंपनीच्या पुढील पाच वर्षांचा आराखडा ठरविणाऱ्या समितीवर तुझी नेमणूक झाली, हे वाचून तुझ्या आईला आणि मला फार आनंद झाला. सायलेन्सरचे भाग तयार करणाऱ्या कारखान्यापुढे विजेवरच्या गाडीने केवढा पेच उभा केला आहे, हे मी जाणतो. त्या गाडीला सायलेन्सर लागत नाही, क्लच लागत नाही आणि इंधनाचा पंपही लागत नाही. बँकेत संगणक आले तेव्हा तुम्ही काय पाहिले, असे तू विचारले आहेस, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझे सांगणे एवढेच आहे की, नव्या यंत्राची ऑर्डर देण्यापूर्वी आज ते काम करणाऱ्या माणसांना काय काय ठाऊक आहे याची नोंद करा, आणि बदल होणार आहे हे त्यांना सर्वांच्या आधी सांगा.

इंडियन बँक्स असोसिएशन आणि कर्मचारी संघटना यांच्यात यांत्रिकीकरणाचा करार 1983 मध्ये झाला आणि बँकांच्या संगणकीकरणावर नेमलेल्या रंगराजन समितीचा पहिला अहवाल 1984 मध्ये आला. म्हणजे आमच्यासारख्या किनाऱ्यावरच्या शाखेत संगणक पोहोचण्याच्या कितीतरी आधी त्यावर बोलणी होऊन गेली होती. विरोध कडवा होता, पण भीती कशाची आहे हे उघडपणे मांडायला जागा होती. त्या काळी बचत खात्यावरचे व्याज दर महिन्याच्या 10 तारखेपासून महिनाअखेरपर्यंतच्या किमान शिलकेवर काढले जाई. सहामाही आली की लेजरमधील प्रत्येक खात्याचे व्याज हाताने मांडायचे आणि बॅलन्सिंग जुळेपर्यंत रात्री बसायचे, असा शिरस्ता होता. यंत्र आपल्याला नेमक्या या रात्रींतून सोडवणार आहे, हे ज्यांना नीट समजावून सांगितले गेले, त्यांनी ते मनापासून शिकून घेतले.

पुढे मात्र घाई झाली. 2000-01 मध्ये सरकारी बँकांनी स्वेच्छानिवृत्ती योजना आणली आणि देशभरातून एक लाखाहून अधिक माणसे बाहेर पडली. कोअर बँकिंग, म्हणजे सर्व शाखांची खाती एकाच मध्यवर्ती संगणकावर ठेवण्याची प्रणाली, बहुतेक शाखांत त्यानंतर आले. आमच्या शाखेत एकाच नावाचे आणि एकाच आडनावाचे अनेक मच्छीमार खातेदार होते. ओळख पटावी म्हणून एका जुन्या कारकुनांनी लेजरमध्ये नावापुढे पेन्सिलीने प्रत्येकाच्या होडीचे नाव लिहून ठेवले होते. खाती नव्या प्रणालीवर चढवताना नाव आणि शिल्लक तेवढी गेली, होडीचे नाव गेले नाही, आणि ते कारकून तर आधीच निवृत्त होऊन गावी गेले होते. कोणाचा हप्ता कोणाच्या खात्यात जमा झाला, हे निस्तरताना खातेदारांना जे हेलपाटे पडले, त्याचे मला आजही वाईट वाटते. तुमच्या कारखान्यातही अशा पेन्सिलीच्या नोंदी असतील, फक्त त्या कागदावर नसून वेल्डरच्या आणि तपासनिसाच्या हातात असतील.

म्हणून आधी त्यांच्यासोबत बस. सायलेन्सरच्या जोडातून गळती होते की नाही हे तपासणाऱ्या माणसाला बॅटरीच्या पेटीची गळती-चाचणी परकी वाटणार नाही. वेल्डिंग जाणणाऱ्याचेही तसेच. उच्च दाबाच्या विजेपासून सुरक्षितता हा विषय मात्र त्यांना संपूर्ण नवा असेल, आणि तो घाईने उरकण्यासारखा नाही. हे शिक्षण कामाच्या वेळेत, पूर्ण पगारी आणि त्यांच्याच यंत्राजवळ व्हावे, असा तू आग्रह धर. इथल्या बंदरावर मासळी विकणाऱ्या बायकांना यूपीआय शिकवायला कोणी वर्ग भरवला नव्हता; नातवंडांनी टोपलीजवळ बसून, प्रत्यक्ष गिऱ्हाईक समोर असताना शिकवले, आणि त्या शिकल्या.

कायद्याची बाजू तुला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक असेल. कामगार कपात होण्याजोगा यंत्रबदल करण्यापूर्वी 21 दिवसांची नोटीस देण्याची तरतूद 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम 9-अ मध्ये होती आणि 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेतही ती आहे. पण वीस वर्षे एकच काम केलेल्या माणसाला आयुष्य नव्याने मांडायला 21 दिवस पुरतील, असे कोणत्याही समंजस व्यवस्थापनाने मानू नये. तुम्हाला पाच वर्षांपुढचे दिसत असेल, तर त्यालाही ते आजच दिसू द्या.

जागतिक आर्थिक मंचाच्या 2025 च्या अहवालात एक हिशेब आहे: जगातील कामकरी माणसे शंभर धरली, तर 2030 पर्यंत त्यांतील 59 जणांना नव्या प्रशिक्षणाची गरज पडेल, आणि त्यांपैकी 11 जणांना ते मिळण्याची शक्यता नाही. तुमच्या कारखान्यातले हे अकरा जण कोण असतील, असा प्रश्न मला सारखा पडत राहतो. माझा कयास असा की ते कंत्राटी कामगार असतील, कारण प्रशिक्षणाची यादी हजेरीपटावरून होते आणि त्यांची नावे कंत्राटदाराच्या वहीत असतात.

समितीच्या पहिल्या बैठकीत तू हा एक प्रश्न अवश्य मांड, आणि कंत्राटी माणसांचा समावेश प्रशिक्षणात करायला व्यवस्थापन तयार आहे की नाही, ते मला कळव. नसेल, तर त्याची कारणे काय दिली तेही लिही. त्यावर मी पुढच्या पत्रात लिहीन.

कळावे,
तुझे बाबा