विद्यार्थी वस्तीत पाठवा, पण त्यांना शिकवणाऱ्या ताईंचाही विचार करा

प्रति,
मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय: शहरी वस्त्यांमध्ये काम करणाऱ्या संस्थांमधील विद्यार्थ्यांच्या इंटर्नशिपबाबत

महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी गोवंडीतल्या एका छोट्या संस्थेत काम करते. बचत गट, किशोरी गट, रेशनकार्ड, दाखले, शाळा सुटलेल्या मुलांना पुन्हा वर्गात नेऊन बसवणं, हे आमचं रोजचं काम. समाजकार्य महाविद्यालयांचे विद्यार्थी आमच्याकडे फिल्डवर्कला वर्षानुवर्षं येत आले आहेत. राज्यात नवं शैक्षणिक धोरण लागू झालं, तसे बीए, बीकॉम, बीएस्सी, आयटीचे विद्यार्थीही विचारणा करू लागले. ऑन जॉब ट्रेनिंग, फील्ड प्रोजेक्ट, कम्युनिटी एंगेजमेंट अशी नावं वेगवेगळी आहेत, पण प्रत्येकाला वर्गाबाहेरचे तास भरून क्रेडिट, म्हणजे पदवीसाठी मोजले जाणारे श्रेयांक, मिळवायचे आहेत.

कॉमर्सच्या मुलीने बचत गटाची वही तपासावी, भूगोलाच्या मुलाने नाल्याचा नकाशा काढावा, कायद्याच्या विद्यार्थिनीने घर तुटण्याच्या नोटिशीला उत्तर लिहायला बसावं, हे व्हायलाच हवं होतं. आता ते अभ्यासक्रमात आलं आहे, याचा मला मनापासून आनंद आहे. पण आमच्या ऑफिसात येणारा फोन बहुतेक वेळा असा असतो: "मॅडम, १२० तासांचं सर्टिफिकेट मिळेल का?" काय काम करायला मिळेल, हे क्वचितच कुणी विचारतं. मुलांना मी दोष देत नाही. एका कॉलेजात शेकडो विद्यार्थी, त्या सगळ्यांना एकाच सत्रात जागा शोधायची आणि शोधायचीही ज्याची त्याने. बीएच्या मुलाला घेणारी कंपनी असते कुठे? मग तो संस्थेचं दार ठोठावतो.

आमचा एम पूर्व वॉर्ड आपल्याला माहीत असेलच. २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात शहरातल्या २४ वॉर्डांत तो सर्वांत तळाशी होता. देवनारचं डम्पिंग ग्राउंड १९२७ पासून इथे आहे. शहरात जिथे जिथे रस्ते रुंद झाले, पूल बांधले गेले, तिथली उठवलेली कुटुंबं इथल्या पुनर्वसन इमारतींमध्ये आणून ठेवली. त्यांतल्या काही इमारतींमध्ये जेमतेम तीन मीटरचं अंतर आहे. खालच्या मजल्यांवर ऊन पोहोचत नाही आणि क्षयरोग घरातून हटत नाही. अशा ठिकाणी शिकायला भरपूर आहे. मात्र ते शिकवायला कुणीतरी सोबत लागतं.

जातीच्या दाखल्याचं उदाहरण देते, कारण त्याचा शेवट आपल्याच खात्यात होतो. आमच्या गल्लीतली बरीच कुटुंबं जालना, बीड, परभणीकडून आलेली आहेत, काही बहात्तरच्या दुष्काळात, काही नंतर. मुलगी बारावी झाली, तिला इंजिनिअरिंगला किंवा फार्मसीला जायचं आहे. प्रवेशाच्या वेळी जात वैधता प्रमाणपत्र (व्हॅलिडिटी) मागतात. त्याआधी दाखला हवा आणि दाखल्यासाठी जुना पुरावा हवा. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा. आजोबा शाळेत गेलेच नव्हते. मग गावच्या कोतवाल बुकाची, म्हणजे जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीची, नक्कल काढायची, चुलत्याच्या घरचा कागद शोधायचा, वंशावळ लिहायची, प्रतिज्ञापत्र करायचं. मराठवाड्यातल्या जुन्या नोंदी कधी उर्दूत असतात, कधी मोडीत. मुलीचा बाप नाक्यावरचा मजूर. गावी दोन खेपा म्हणजे त्याचा आठवड्याचा रोज बुडाला.

हे काम इतिहासाच्या विद्यार्थ्याचं आहे, कायद्याच्याही, समाजशास्त्राच्याही. एक फाईल हातात धरून ती शेवटापर्यंत नेली, तर शासनव्यवस्था कशी चालते, कुठे अडते, कोणत्या टेबलावर कुठल्या शब्दात बोलावं लागतं, हे त्याला कळतं. मी पाहिलं आहे, एकदा हे केलेली मुलं तीन वर्षांनीही फोन करून विचारतात, "ताई, त्या मुलीचं व्हॅलिडिटीचं झालं का?" पण ही फाईल महिन्यात संपत नाही. सलग तीन-चार आठवड्यांत १२० तास उरकून गेलेला विद्यार्थी अर्ज भरतो आणि निघून जातो. पुढे कार्यालयातून त्रुटी निघते, तेव्हा तो परीक्षेला बसलेला असतो. त्रुटी आमच्या कार्यकर्तीच्या गळ्यात.

समाजकार्याच्या शिक्षणात हे फार आधी कळलं होतं. तिथे आठवड्याचे दोन दिवस फिल्डवर्क असतं, वर्षभर. दर आठवड्याला विद्यार्थी रिपोर्ट लिहितो, सुपरवायझर तो वाचते, समोर बसवून विचारते: त्या घरात आजी गप्प का होती? तू सासूसमोर सुनेला प्रश्न का विचारलास? मुलं खरी घडतात ती या बसण्यात. मुंबईत या शिक्षणाची सुरुवातच वस्तीतून झाली. सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क १९३६ साली नागपाड्याच्या नेबरहूड हाऊसमध्ये उघडलं. आजची टाटा समाजविज्ञान संस्था ती हीच. अशा कामातून पुढे काय उभं राहतं, तेही आपल्या राज्याने पाहिलं आहे. पोलीस यंत्रणेत महिला आणि मुलांसाठी असलेला विशेष कक्ष १९८४ साली याच संस्थेच्या क्षेत्रीय कृती प्रकल्पातून मुंबईत सुरू झाला आणि नंतर तो राज्य शासनाने स्वीकारला. पुण्यात एसएनडीटी विद्यापीठाच्या प्रौढ व निरंतर शिक्षण विभागाने कचरा वेचणाऱ्यांसोबत केलेल्या कामातून १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही त्यांची संघटना उभी राहिली आणि त्यातूनच पुढे 'स्वच्छ' ही सहकारी संस्था. विद्यापीठ वस्तीत टिकून राहिलं, म्हणून हे झालं.

आता माझं मुख्य म्हणणं. विद्यार्थ्याला वस्तीत शिकवणारी बाई सध्या कुठल्याच हिशेबात नाही. प्राध्यापकांचं शिकवणं हे नोकरीतलं काम आहे. आमच्या कार्यकर्तीचं काम मात्र देणगीदाराच्या प्रकल्पात लिहिलेलं असतं: इतक्या बैठका, इतक्या भेटी, इतक्या महिलांना प्रशिक्षण. 'विद्यार्थ्यांना शिकवणं' हा खर्चाचा मथळा मी एकाही अंदाजपत्रकात पाहिलेला नाही. २०२० साली विदेशी देणगी कायद्यात बदल झाला, तेव्हापासून मोठ्या संस्थांना परदेशातून आलेला निधी छोट्या संस्थांकडे देता येत नाही आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादाही ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. आमच्यासारख्यांकडे माणसं आधीच कमी. मार्गदर्शनाचे तास कार्यकर्तीने संध्याकाळी, स्वतःचं घर बाजूला ठेवून द्यायचे. एका वेळी दोन विद्यार्थी असले, तर ती देते. पंधरा आले की ते देणं अशक्य होतं. मग मुलांच्या हातात सर्व्हेचा फॉर्म ठेवला जातो.

या सर्व्हेबद्दलही बोललं पाहिजे. आमच्या वस्तीतल्या बायका आता दारातच विचारतात, "मागच्या वर्षी लिहून नेलंत, त्याचं काय झालं?" उत्पन्न किती, संडास कुठे, नवरा दारू पितो का, हे परक्या मुलाला दरवर्षी नव्याने सांगायचं, तो लिहून घेणार आणि कागद कॉलेजच्या कपाटात जाणार. कुणाच्या घरातली दुःखं ही कुणाच्या गुणांसाठी वापरायची वस्तू नव्हे. लहान मुलांचे फोटो काढून मोबाईलवर टाकले जातात, तेव्हा मला फार त्रास होतो. विद्यार्थी वस्तीत पाऊल टाकण्याआधी त्याला पॉक्सो (मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा) कायदा, संमती आणि गोपनीयता यांची माहिती दिलेली असावी. त्याने गोळा केलेली माहिती सत्र संपण्याआधी वस्तीच्या बैठकीत, लोकांना समजेल अशा मराठीत-हिंदीत वाचून दाखवली जावी. ती वाचून दाखवल्याशिवाय त्याचे गुण भरू नयेत.

पैशाचा प्रश्न विद्यार्थ्याचाही आहे. आमच्याच वस्तीतली मुलगी कॉलेजातून आल्यावर शिकवण्या घेते किंवा आईबरोबर घरी तुकड्यावरचं शिलाईकाम करते. बिनपगारी १२० तास म्हणजे तेवढी कमाई गेली. रेल्वेचा विद्यार्थी सवलतीचा पास घर ते कॉलेज एवढाच, प्लेसमेंटच्या, म्हणजे इंटर्नशिपच्या, जागी जायचं तर भाडं वेगळं. मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजनेत बारावी झालेल्याला ६ हजार, आयटीआय किंवा पदविकाधारकाला ८ हजार आणि पदवीधराला १० हजार रुपये महिना मिळतो, पण शिक्षण चालू असलेल्याला ती योजना नाही. पंतप्रधान इंटर्नशिप योजना मोठ्या कंपन्यांसाठी आहे, पूर्णवेळ शिकणाऱ्याला तीही नाही. म्हणजे शिकता शिकता वस्तीत काम करणाऱ्या मुलाला दोन्हीकडून काही नाही. ज्याच्या घरी परवडतं तोच मनापासून इंटर्नशिप करतो, बाकीचे सही-शिक्का शोधतात.

'कमवा आणि शिका' ही तर महाराष्ट्राची स्वतःची परंपरा आहे, कर्मवीर भाऊराव पाटलांनी रुजवलेली. विद्यापीठांत ती आजही चालते, ग्रंथालयात, कार्यालयात, बागेत तासावर काम करून मुलं शिकतात. तिचं क्षेत्र आवाराच्या बाहेर न्या. नोंदणीकृत वस्ती संस्थेत केलेले तास या योजनेत धरले, तर नवी योजना काढावी लागणार नाही आणि गरजू विद्यार्थ्याला प्रवासापुरते, डब्यापुरते पैसे मिळतील.

सोबत प्रत्येक विद्यार्थ्यामागे संस्थेला मार्गदर्शन मानधन द्या आणि ते त्या कार्यकर्तीच्या खात्यात जाईल असं पाहा. रक्कम मोठी नसली तरी चालेल, पण तिचा वेळ शासनाच्या कागदावर नोंदला गेला पाहिजे. तिच्याकडे एमएसडब्ल्यूची, म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर, पदवी आहे का, हे विचारू नका. आमच्याकडची सर्वांत चांगली शिक्षिका दहावीनंतर शाळा सोडलेली बाई आहे. तिने रेशन कार्यालयात उभं राहून शेकडो नावं कार्डावर चढवून घेतली आहेत. तिने दिलेल्या गुणांना अंतिम मूल्यमापनात वजन असावं.

तास सलग न ठेवता पसरवण्याची मुभाही विद्यापीठांना द्या. तेच १२० तास आठवड्याला चार याप्रमाणे ३० आठवड्यांत होतात. दोन सत्रांचे क्रेडिट एकत्र मोजावे लागतील, ते परिपत्रकाने होऊ शकतं. एका कॉलेजाने एक वस्ती निदान पाच वर्षं धरावी, म्हणजे एका तुकडीची अर्धी फाईल पुढची तुकडी उचलेल. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ पासून आहे, वर्षाला १२० तास तिथेही आहेत, सात दिवसांचं शिबिर आहे, दत्तक गाव आहे. दत्तक गावाइतकीच वस्तीचीही आठवण ठेवा. २०११ च्या जनगणनेत देशात झोपडपट्टीतली सर्वांत मोठी लोकसंख्या महाराष्ट्रात होती, एक कोटीहून अधिक. आणि त्यातली हजारो मुलं आपल्याच कॉलेजांत शिकतात. त्यांना त्यांच्याच गल्लीत प्लेसमेंट घेऊ द्या. आज 'स्वतःच्या भागात नको' म्हणून त्यांना नाकारलं जातं. ओळखीच्या घरात निःपक्षपणे कसं काम करायचं, हे त्यांना शिकवता येईल. गल्लीची जाण मात्र बाहेरच्या मुलाला एका सत्रात येणार नाही.

कॉलेजांचे फोन आम्हाला जूनच्या शेवटी सुरू होतात. तोवर आमचं वर्षाचं नियोजन झालेलं असतं, पाऊस लागलेला असतो, गल्लीत पाणी असतं आणि कार्यकर्त्या त्यात अडकलेल्या असतात. शासन निर्णय घ्यायचा असेल, तर तो मार्चअखेर निघावा, म्हणजे एप्रिल-मे महिन्यांत कॉलेज आणि संस्था समोरासमोर बसून कुठला विद्यार्थी कुठल्या कामाला, हे ठरवू शकतील. मसुदा करताना आपल्या विभागाने गोवंडी, येरवडा, नागपूर, सोलापूरच्या वस्त्यांतल्या अशा मार्गदर्शक कार्यकर्त्यांना चर्चेला बोलवावं. बैठक मात्र दुपारी दोन ते चारच्या मधे ठेवा, त्याआधी नळाला पाणी येतं आणि नंतर शाळा सुटते.

आपली,
गोवंडीतील एका वस्ती संस्थेची कार्यकर्ती